ब्रायटनचा नग्न किनारा पोलिसांच्या मेहेरबानीवर चालतो?

इंग्लंडमध्ये उघड्यावर विवस्त्र होणं गुन्हाच, ब्रायटनला पोलीस फक्त काणाडोळा करतात, ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे. ती साफ चुकीची आहे. हा किनारा १९८० मध्ये तिथल्या नगर प्रशासनानेच खुला केला. २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्यानुसार नुसती नग्नता गुन्हा ठरत नाही. कुणी घाबरावं किंवा त्रासावं या हेतूने गुप्तांग दाखवणं हा गुन्हा. हेतू पाहणारा कायदा मला तरी न्याय्य वाटतो. कपडे काढायची सक्तीही नाही. मरीनाच्या, म्हणजे छोट्या नौकांच्या बंदराच्या, अलीकडे दगडगोट्यांचा उंच बांध असल्याने रस्त्यावरून फारसं दिसत नाही. वाळू मात्र शोधू नका. पायाला टोचणारे गोटेच आहेत, चपला हव्यातच. आणि न विचारता कुणाचा फोटो अजिबात काढू नका.