निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्य: कांद्याच्या भावात नेमकं काय फरक पडतो

कांदा महागला की दिल्लीहून निर्यात शुल्क किंवा किमान निर्यात मूल्य यांपैकी एक तरी आदेश निघतोच. बातम्यांत दोन्ही एका दमात सांगितले जातात. त्यात 'किमान मूल्य' म्हटल्यावर अनेकांना तो हमीभावासारखा शेतकऱ्याला दिलेला आधार वाटतो. तसं अजिबात नाही. कांद्याला केंद्राचा हमीभाव नाहीच.

निर्यात शुल्क हा सरळ कर आहे आणि तो अर्थ मंत्रालय लावतं. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर तो 40 टक्के लागला. टनाला 500 डॉलर भावाचा माल पाठवायचा तर 200 डॉलर सरकारजमा. दुबईचा खरेदीदार हा भार सहजासहजी उचलत नाही, कारण त्याला पाकिस्तानचा कांदा मिळतो. मग लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टरपाशी उभा असलेला व्यापारी उलटा हिशेब करून बोली लावतो. परदेशातल्या भावातून शुल्क, जहाजभाडं, प्रतवारी, गोण्या, हमाली वजा करायची, उरेल तो शेतकऱ्याचा भाव.

किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली परदेशात माल विकताच येत नाही तो दर, विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं. त्यात सरकार एक पैसा घेत नाही, म्हणून ते सौम्य वाटतं. माझ्या मते तेच जास्त घातक आहे. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ते टनाला 800 डॉलर केलं. ज्याच्याकडे 500 डॉलर देणारं गिऱ्हाईक होतं, त्याला तो सौदा करायलाच मनाई झाली. अडलेला माल इथल्याच बाजारात येतो आणि भाव पडतो. शुल्काचा निदान आकडा तरी सरकारी जमाखर्चात दिसतो, इथे शेतकऱ्याचं किती गेलं याची नोंद कुठेच होत नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ज्याला 'उणे सबसिडी' म्हणायचे, म्हणजे मदत देण्याऐवजी सरकारी धोरणानेच शेतकऱ्याचा भाव कापणं, ती हीच.

कागदावरची लबाडीही दोन्हींत उलट दिशेने चालते. शुल्क असलं की बिल कमी दाखवायचा मोह होतो, किमान मूल्य असलं की फुगवून दाखवायचा. दोन्हींत सचोटीने बिल करणारा निर्यातदार मागे पडतो.

डिसेंबर 2023 मध्ये तर सरसकट निर्यातबंदीच आली, तीही नेमकी लाल कांद्याच्या आवकेत. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत काही महिने थांबतो, लाल कांदा थांबत नाही. त्यामुळे मिळेल त्या भावाला विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क एकदमच लागू झालं. म्हणजे टनामागे 770 डॉलरच्या आत भारतीय कांदा कुणाला मिळणारच नव्हता. बंदी उठल्याच्या बातमीत हा गुणाकार फार थोड्यांनी केला.

शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, ही मागणी रास्तच आहे. पण तो स्वस्ताईचा खर्च सगळ्यांच्या करातून उघडपणे व्हावा, एकट्या कांदा उत्पादकाच्या खिशातून नव्हे.

किमान मूल्य सप्टेंबर 2024 मध्ये काढलं, तेव्हाच शुल्क 20 टक्क्यांवर आणलं आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही रद्द केलं. गेलेलं गिऱ्हाईक मात्र अधिसूचनेने परत येत नाही. 2019 च्या अचानक निर्यातबंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी दिल्लीतच जाहीरपणे म्हटलं होतं की आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती.