अनुत्तरित प्रार्थना (ख्रिस्ती धर्म)

विश्वासाने प्रार्थना करूनही मागितलेले मिळत नाही, देव गप्प राहिला आहे असे वाटते, हा अनुभव आणि त्याविषयी ख्रिस्ती धर्मात झालेला विचार. हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांनी उकरून काढलेला नाही. तो बायबलनेच मांडला आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकांपैकी एक) येशू ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ असे आश्वासन देतो. त्याच शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री, तो गेथशेमाने बागेत तीनदा प्रार्थना करतो : शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे समोर आलेले दुःख व मरण, माझ्यावरून टळो, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळत नाही. क्रुसावर त्याच्या तोंडी येते ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ : माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना फळली नाही, असे कोणाला सहज म्हणावेसे वाटले, तर त्याने आधी हा प्रसंग वाचावा.

स्तोत्रसंहितेतील, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांच्या संग्रहातील, कितीतरी स्तोत्रे म्हणजे सरळ गाऱ्हाणी आहेत. तेरावे स्तोत्र ‘कुठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेने ते गाळले नाही. देवापाशी तक्रार करणे हे त्याच्याशी बोलणे चालू ठेवणेच आहे, ही समज यामागे दिसते. दावीद राजा आजारी मुलासाठी उपास करून जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल गेले, तेव्हा तो उठला, अंघोळ केली आणि आधी देवाच्या मंदिरात गेला. येशूचा प्रेषित पौल याने आपल्या ‘शरीरातला काटा’ काढावा म्हणून तीनदा विनवणी केली. उत्तर आले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच. हा काटा म्हणजे नेमके काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

या विषयावरील सर्वांत जिवंत प्रसंग प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनपर ग्रंथात आहे. इ.स. ३८३ मध्ये ते कार्थेजहून रोमला जायला निघाले. मुलगा ख्रिस्ती व्हावा म्हणून वर्षानुवर्षे रडत प्रार्थना करणारी आई मोनिका किनाऱ्यापर्यंत आली आणि त्यांना सोडेना. एका मित्राला निरोप द्यायचा आहे असे खोटेच सांगून ऑगस्टीन यांनी तिला जवळच्या संत सिप्रियन यांच्या स्मारकात रात्रभर थांबवले. ती आत प्रार्थना करत होती : याला जाऊ देऊ नकोस. पहाटेपर्यंत जहाज निघून गेले होते. पुढे मिलानमध्ये त्यांची बिशप अँब्रोज यांच्याशी गाठ पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मागे वळून पाहताना ऑगस्टीन म्हणतात, देवाने तिचे त्या रात्रीचे मागणे नाकारले, ते तिचे नेहमीचे मागणे पुरे करण्यासाठी. अर्थ सुंदर आहे, पण तो नंतर लागलेला आहे. अजून किनाऱ्यावरच उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकवणे हे सांत्वन ठरत नाही.

धर्मशास्त्रज्ञांनी दिलेली स्पष्टीकरणे थोडक्यात अशी : देव नाकारतो, वाट पाहायला लावतो किंवा मागितल्यापेक्षा वेगळे देतो, याकोबाच्या पत्राप्रमाणे काही मागणी स्वार्थी हेतूने केलेली असते, आणि मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या मते प्रार्थना देवाचे मन वळवण्यासाठी नसतेच, तर देवाने प्रार्थनेद्वारेच द्यायचे ठरवलेले मिळवण्यासाठी असते. विसाव्या शतकात अमेरिकेत फोफावलेल्या ‘वर्ड ऑफ फेथ’ चळवळीने याउलट खरा विश्वास असेल तर आरोग्य आणि समृद्धी मिळतेच, असे शिकवले. या शिकवणीत बरे न झालेल्या रोग्यावर आजाराबरोबर दोषाचेही ओझे येते. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे ओरडतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. मुलाला बरे करतो.

मागणे एक आणि देवाची जवळीक जाणवणे दुसरे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी ही जाणीव हरपण्याच्या अवस्थेला ‘काळोखी रात्र’ म्हटले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला : कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत रितेपणच जाणवत होते, आणि तरीही त्यांनी प्रार्थना व सेवा सोडली नाही.

महाराष्ट्रात हा विषय ग्रंथांपेक्षा आचारात अधिक भेटतो. बांद्र्याच्या मत माउलीच्या (माउंट मेरी) सप्टेंबरातील जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात. दुखणे किंवा इच्छा असेल तशी वस्तू घेऊन भाविक ती माउलीला वाहतात, आणि त्यांत ख्रिस्तेतरही पुष्कळ असतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई शेकडो निराधार स्त्रिया व मुलींच्या गरजा प्रार्थनेत मांडत. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम थांबवले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले. त्यांपैकी सर्वांत गाजलेल्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले आणि त्यांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. त्याने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होणारच आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ती ५९ टक्के, म्हणजे इतर गटांपेक्षा किंचित जास्त आढळली. प्रार्थनेला औषधाच्या मात्रेसारखे तोलता येत नाही, हा धर्मशास्त्रज्ञांचा आक्षेप. अभ्यासाच्या मांडणीतही एक अडचण होतीच : प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे फक्त पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर दिलेले होते, आणि तिन्ही गटांतील रुग्णांचे घरचे लोक आपापल्या परीने जी प्रार्थना करत होते, ती थांबवणे कोणालाच शक्य नव्हते.