पार्श्वभूमी : स्क्रबर आणि ‘समतुल्य’ या शब्दाचा घोळ

उरणच्या रस्त्याने जाताना न्हावा-शेव्याच्या धक्क्यावरच्या एखाद्या जहाजाच्या फनेलमधून, म्हणजे धुराड्यातून, पांढरी वाफ निघताना दिसली, तर ते स्वच्छ तेलावर चाललंय असं धरून चालू नये. आत स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारं यंत्र, चालू असू शकतो, आणि तेल तेच जुनं, गंधकाचं.

हे तेल म्हणजे रिफायनरीच्या तळाचा गाळ. थंड असताना डांबरासारखं. इंजिनात सोडण्याआधी १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टाने २००५ मध्ये त्यातल्या गंधकाला ४.५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती नावापुरतीच. २०१२ मध्ये ती ३.५ वर आली. पुढची ०.५ ची मर्यादा २०२० पासून की २०२५ पासून, हा वाद ऑक्टोबर २०१६ मध्ये मिटला आणि २०२० ठरलं. मग नेरूळ-बेलापुरात दोन दर्यावर्दी भेटले की विषय एकच: तेल बदलायचं की स्क्रबर बसवायचा?

स्क्रबरला दार उघडं राहिलं ते ‘समतुल्य’ या एका शब्दामुळे. कमी गंधकाच्या तेलाइतकाच परिणाम साधणारी दुसरी पद्धत चालेल, असं परिशिष्ट म्हणतं. पण परिणाम मोजायचा कुठे? फनेलमध्ये. सल्फर डायऑक्साइड (दहा लाखांत किती भाग) आणि कार्बन डायऑक्साइड (टक्क्यांत) यांचं गुणोत्तर २१.७ च्या आत आलं की जहाज पास. ओपन लूप स्क्रबर धुरावर समुद्राचं पाणी फवारतो आणि ते पुन्हा समुद्रातच सोडतो. मेगावॅट-तासाला ४५ टन पाणी धरलं, तर १० मेगावॅटवर चाललेलं इंजिन ताशी साडेचारशे टन सोडणार. पाणी आम्लधर्मी, त्यात व्हॅनेडियम, निकेल आणि तेलाचे चिवट अंश. आम्लतेचा निकष काय, तर थांबलेल्या जहाजापासून चार मीटरवर पीएच ६.५ भरला की झालं. समुद्रात सल्फेट मुळातच भरपूर, हा समर्थकांचा मुद्दा खरा आहे. पण तो गंधकापुरता. निकेलचं काय, यावर तो गप्प.

ढगांचा मुद्दा नंतर पुढे आला. गंधकाचे कण ढग उजळ करून थोडं ऊन परतवायचे. २०२० नंतर जहाजांमागे उमटणारे ढगांचे पट्टे उपग्रहांना कमी दिसू लागले. यामुळे तापमानवाढ किती वेगावली यावर एकमत नाही, पण म्हणून बंदराशेजारच्या माणसाने गंधक हुंगत बसावं हे काही पटत नाही.

सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून आपल्या बंदरात ओपन लूपचं पाणी सोडायला मनाई केली. आपल्याकडची ठाणे खाडी तर अरुंद आणि उथळ. निवट्या नि चिंबोऱ्या तिच्याच चिखलात मिळतात, फ्लेमिंगो त्याच चिखलावर चरतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. जहाजाच्या बाजूने पाहिलं तर अशी मनाई म्हणजे बंदराबाहेरच स्क्रबर बंद करून डिझेलवर येणं, आणि ते बटण दाबण्याइतकं सोपं नाही. तेलाचं तापमान मिनिटाला दोन अंशांहून वेगाने उतरलं तर फ्युएल पंप अडकायची भीती, म्हणून हद्द यायच्या बऱ्याच आधीपासून इंजिन रूममध्ये कोणीतरी थर्मामीटरवर डोळा लावून उभा असतो.