साठीनंतरचे मिशन

अमेरिकेतल्या युटा किंवा आयडाहो राज्यातले एखादे जोडपे नोकरीतून निवृत्त होते. पुढच्या काही महिन्यांत घर भाड्याने दिले जाते किंवा लेकीच्या हवाली होते, गाडी विकली जाते, दात आणि डोळे तपासून घेतले जातात. मग दोघे दीड वर्षासाठी घाना, फिलिपीन्स नाहीतर भारतात राहायला जातात. तिथे एखाद्या फ्लॅटमध्ये नव्याने संसार मांडायचा. गॅस कुठून आणायचा, पाणी उकळून प्यायचे की विकत घ्यायचे, भाजीवाल्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, सगळे पहिल्यापासून शिकायचे. या कामाचा पगार नसतो, उलट घरभाड्यापासून औषधांपर्यंतचा खर्च ते स्वतःच करतात. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना आपण मॉर्मन म्हणून ओळखतो, त्या पंथात अशी जोडपी हजारोंनी आहेत.

मराठी वाचकाच्या मनातला मिशनरी मात्र असा नसतो. आपल्याला आठवतात ते गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, जॉन विल्सन, सिंथिया फरार. ही सगळी माणसे ऐन तारुण्यात इकडे आली आणि बहुतेक परत गेलीच नाहीत. तरुण वयात जन्मभरासाठी जाणारा मिशनरी आणि उतारवयात दीड वर्षासाठी जाणारा मिशनरी, या दोघांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. ते कसे कापले गेले, हे पाहायचे तर आधी मुंबईच्या किनाऱ्यावरच जावे लागते.

हॉल आणि नॉट पती-पत्नी फेब्रुवारी १८१२ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ गलबतावर चढले. कोलकात्याला पोचायला ऑगस्ट उजाडला, आणि कंपनी सरकारशी झगडत मुंबई गाठेपर्यंत फेब्रुवारी १८१३. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका जोडप्यातली हॅरिएट न्यूएल वाटेतच, मॉरिशसला, १९ व्या वर्षी गेली. तिचा नवरा सॅम्युएल मुंबईत येऊन काम करू लागला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. नॉट दाम्पत्य १८१५ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे मायदेशी परतले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीला बळी पडले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये मुंबईत आले. तिने मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या, पण १८३५ मध्ये तीही गेली.

असल्या मोहिमेवर साठीच्या माणसाला कोणी पाठवणे शक्यच नव्हते. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, मग नवी भाषा शिकण्यात दोन-तीन वर्षे, आणि त्यातून जगला तर काम. मिशनरी मंडळ्यांना विशी-तिशीतलीच माणसे हवी होती. बायको बरोबर असावी असा प्रोटेस्टंट मंडळ्यांचा आग्रह असे, कारण परक्या मुलखात घर उभे राहिले तर माणूस टिकतो आणि स्थानिक स्त्रियांपर्यंत पोचायला दुसरी वाटही नव्हती. पण ती ‘मिशनऱ्याची पत्नी’ असायची. स्वतंत्रपणे, अविवाहित स्त्री म्हणून, अमेरिकन बोर्डाने, म्हणजे हॉल-नॉट यांना पाठवणाऱ्या मिशनरी मंडळीने, परदेशी पाठवलेली पहिली बाई म्हणजे सिंथिया फरार. ती १८२७ मध्ये मुंबईत आली. तिची अहमदनगरची शाळा पाहून जोतिरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी तिच्याच संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

लॅटर-डे सेंट्स चर्चची रीत यापेक्षा निराळी होती. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या या पंथात पगारी पाद्री नव्हते. शेतकरी, सुतार, गवंडी अशी साधी माणसे काही काळासाठी मिशनवर जात आणि परत येऊन आपल्या धंद्याला लागत. जन्मभराऐवजी काही वर्षांचे मिशन ही कल्पना इथून येते आणि आजच्या निवृत्त जोडप्यांचे मूळ मला तिच्यातच दिसते. मात्र त्या काळी जोडपे जात नसे, जाई तो एकटा नवरा. १८३९ च्या सप्टेंबरात पंथाचे एक पुढारी ब्रिगहॅम यंग इंग्लंडला निघाले तेव्हा ते स्वतः तापाने फणफणलेले होते, आणि घरात पत्नी मेरी अ‍ॅन दहा दिवसांची बाळंतीण. संसार कसा चालवायचा, हा प्रश्न तिच्यावर सोपवून ते गेले. अशा किती घरांतल्या बायकांनी शेत, गुरे आणि मुले एकटीने सांभाळली याची मोजदाद नाही. मिशनचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव पहिल्या पानावर यायला हवे असे मला मनापासून वाटते.

त्या बायकांपैकी एक स्वतःच निघाली. लुईसा बार्न्स प्रॅट. तिचा नवरा अ‍ॅडिसन पूर्वी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर खलाशी होता. पॅसिफिक महासागराची माहिती म्हणून १८४३ मध्ये त्याला तिकडे पाठवले गेले आणि १८४४ मध्ये तो टुबुआई बेटावर उतरला. मागे लुईसा चार मुलींना घेऊन, नवऱ्याशिवाय, बैलगाडीने मैदाने ओलांडून १८४८ मध्ये युटात या पंथाने वसवलेल्या सॉल्ट लेकला पोचली. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे तिथे भेटले. १८५० मध्ये त्याला पुन्हा बेटांवर जायचे ठरले तेव्हा तीही चारही मुलींसह, रीतसर नेमणूक घेऊन, मागोमाग गेली. पन्नाशीला दोन-तीन वर्षे उरली होती. टुबुआईवर तिने बायकामुलांना शिकवले. फ्रेंच अंमलदारांनी मिशनवर निर्बंध घातल्यामुळे १८५२ मध्ये सगळ्यांना बेटे सोडावी लागली. नवऱ्याबरोबर जाऊन आपले वेगळे काम उभे करणारी प्रौढ स्त्री या इतिहासात पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसते ती इथे.

याच सुमारास या चर्चची माणसे आपल्याकडेही येऊन गेली. स्कॉटलंडचे ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्याच्या लष्करी छावणीच्या आसपास प्रचार करू लागले. युटाहून १३ जणांची एक तुकडी जानेवारी १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून एप्रिलमध्ये कोलकात्याला पोचली. त्यांतले नऊ भारतासाठी होते, चार सयामसाठी, म्हणजे आजच्या थायलंडसाठी. पत्नी कोणाच्याही बरोबर नव्हती. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध, हवामान आणि एकटेपणा यांपुढे काही वर्षांतच हे मिशन गुंडाळले गेले. पुढची शंभराहून अधिक वर्षे भारतात या चर्चचा फारसा मागमूस नव्हता.

म्हातारे जोडपे परदेशी पाठवता यावे यासाठी जग बदलावे लागले, आणि ते बदलवले धर्माबाहेरच्या गोष्टींनी. १९३५ मध्ये अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि सामान्य कामगारालाही म्हातारपणी दरमहा ठरावीक रक्कम मिळू लागली. १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि सहा महिन्यांचा प्रवास एका दिवसाचा झाला. आयुर्मान वाढले. साठीत निवृत्त झालेल्या माणसापुढे धडधाकट अशी दहा-पंधरा वर्षे पडू लागली. आपल्याकडे या वयाला वानप्रस्थाची कल्पना चिकटलेली आहे, अमेरिकेत ती जागा मोकळी होती. तिथे गोल्फ आणि फ्लोरिडाचे ऊन येऊन बसले, आणि काहींच्या बाबतीत सेवा.

ही हवा चर्चपुरती नव्हती. १९६१ मध्ये सुरू झालेल्या पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी योजनेत, तरुणांचीच भरती होईल असा समज होता. १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ६८ वर्षांच्या विधवा परिचारिका लिलियन कार्टर यांनी त्यात नाव घातले आणि त्या आल्या थेट विक्रोळीला. गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी सुमारे पावणेदोन वर्षे काम केले, कुटुंबनियोजनाची माहिती दिली, कुष्ठरुग्णांची शुश्रूषा केली आणि घरी पत्रे लिहिली. पुढे त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला. लिलियन मिशनरी नव्हत्या, पण उतारवयात परक्या देशात राहून उपयोगी पडता येते हे त्यांनी जगजाहीर केले, आणि ते मुंबईच्या एका उपनगरातून, याचे मला फार अप्रूप आहे.

लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये तोवर दुसऱ्या वाटांनीही तयारी होत होती. १९५० च्या दशकात न्यूझीलंड, टोंगा, सामोआ इथे शाळा आणि मंदिरे बांधायला ‘श्रम-मिशनरी’ नेले गेले. स्थानिक तरुण हाताखाली, आणि देखरेखीला अमेरिकेतले कसलेले बांधकाम करणारे, कुटुंबासह. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळचे कॉलेज आणि मंदिर १९५८ मध्ये या श्रमांतून उभे राहिले. १९७१ मध्ये आरोग्य-मिशनरी आले. उंबरठ्यावर जाऊन उपदेश न करता नुसते कौशल्य घेऊन जाणाराही मिशनरी असू शकतो, हे मान्य झाले.

मग आले १९७८. या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य दिले जात नसे. या धोरणामुळेच १९६० च्या दशकात नायजेरियाने मिशनऱ्यांना व्हिसा नाकारले होते. जून १९७८ मध्ये, ८३ वर्षांचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांच्या काळात, ही बंदी उठली. प्रश्न होता पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा कोणाला पाठवायचे. तिथे कितीतरी मंडळ्या स्वतःहून उभ्या राहिल्या होत्या. घानाच्या केप कोस्टमध्ये जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १४ वर्षे कोणत्याही अधिकृत पाठिंब्याशिवाय प्रचार करत होते. नायजेरियातले अँथनी ओबिना यांना १९६५ मध्ये स्वप्नात एक भव्य इमारत दिसली होती. पुढे एका जुन्या मासिकात सॉल्ट लेकच्या मंदिराचे चित्र पाहून ती ओळख पटली, आणि त्यांनी पत्रामागून पत्रे लिहिली होती.

सॉल्ट लेकच्या मुख्यालयाने तिथे १९ वर्षांची पोरे पाठवली नाहीत. दोन वृद्ध जोडपी पाठवली. रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनाथ कॅनन. रेंडेल सत्तरीचे होते आणि एके काळी युटाच्या विधिमंडळात सभापती. जॅनाथ तोपर्यंत चर्चच्या जागतिक स्त्री-संघटनेच्या अध्यक्षांच्या पहिल्या सल्लागार होत्या, ते पद सोडून निघाल्या. चौघे नोव्हेंबरमध्ये नायजेरियात उतरले आणि २१ तारखेला नदीत ओबिना कुटुंबासह १९ जणांचा बाप्तिस्मा झाला. डिसेंबरमध्ये ते घानात जॉन्सन यांच्याकडे गेले. वर्षभरात या चौघांच्या हातून हजाराहून अधिक लोक चर्चमध्ये आले. जिथे वर्षानुवर्षे पत्रे लिहूनही मिशनरी आले नव्हते, तिथे पाठवायला घरातली वडीलधारी माणसे हवी होती हे बहुधा कोणाच्या तरी लक्षात आले असावे. निवड अचूक होती. आफ्रिकेतल्या समाजांत पिकल्या केसांचा मान आपल्याइतकाच मोठा आहे.

त्याच डिसेंबरात आपल्या शेजारी, हैदराबादला, तिसरे जोडपे उतरले. एडविन आणि एल्सी धर्मराजू. एडविन कीटकशास्त्रज्ञ, नोकरीनिमित्त सामोआत होते आणि तिथेच दोघे या चर्चचे सदस्य झाले. हैदराबादेतल्या आपल्या नातेवाइकांकडे मिशनरी पाठवा अशी त्यांनी विनंती केली, तर उलट त्यांनाच अल्पकाळाचे मिशनरी म्हणून पाठवले गेले. २७ डिसेंबरला २२ जणांचा बाप्तिस्मा झाला, त्यांत बहुतेक आप्तच होते. इथे परदेशातून येणारे जोडपे आपल्याच गावी येत होते.

भारतात परदेशी मिशनऱ्यांसाठी वाट अरुंदच होती. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती नियोगी यांच्या समितीने १९५६ मध्ये, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे अशी शिफारस केली होती, आणि एकूण सरकारी धोरणही आखडते होत गेले. त्यामुळे इथे प्रचाराचे काम भारतीय तरुणांकडे आले. १९९३ मध्ये बंगळूरला मिशन स्थापन झाले, त्याचे पहिले अध्यक्ष मूळचे पंजाबचे गुरचरणसिंग गिल. बाहेरून येणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांच्या वाट्याला पाणीपुरवठा, चाकाच्या खुर्च्या, दवाखान्यांना मदत, कार्यालयीन हिशेब अशी कामे राहिली.

आज हेच त्यांचे सर्वत्र रूप आहे. तरुण मिशनऱ्यांसारखे काटेकोर वेळापत्रक त्यांना नसते. घरात १८ वर्षांखालचे मूल नसावे, तब्येत धड असावी. सहा महिन्यांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंतची मुदत निवडता येते. परदेशी जाणाऱ्यांची मोठी चिंता असते आजारपणाची, कारण अमेरिकन सरकारची मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची विमा योजना देशाबाहेर सहसा चालत नाही आणि वेगळा विमा घ्यावा लागतो. भाड्याचा बोजा जड होतो म्हणून २०११ पासून जोडप्याने भरायच्या घरभाड्यावर कमाल मर्यादा घातली गेली. तरीही हे मिशन ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच झेपते, ही या व्यवस्थेची खरी मर्यादा आहे. एक गंमत भाषेची. पुरुष मिशनऱ्याला ‘एल्डर’ म्हणतात, म्हणजे वडीलधारा. तो १८ वर्षांचा असला तरी. ज्येष्ठ जोडप्यातल्या आजोबांना मात्र ती हाक शोभून दिसते.

दुसरी मर्यादा मला अधिक सलते. दीड वर्षात भाषा येत नाही. रिक्षावाल्याला रस्ता सांगण्यापुरते चार शब्द जिभेवर रुळतात तोच परतीचे तिकीट येते. मराठी मिशनच्या जुन्या माणसांची गोष्ट वेगळी होती. जस्टिन अ‍ॅबट हे मिशनरी घराण्यातले. १८८१ पासून १९१० पर्यंत त्यांनी मुंबईत काम केले आणि निवृत्त होऊन अमेरिकेला परतले. म्हणजे आजच्या जोडप्यांच्या अगदी उलट, उतारवयात ते घरी गेले. तिथे बसून त्यांनी काय केले, तर महिपतीच्या ओव्या आणि संत बहिणाबाईंचे अभंग इंग्रजीत आणले, पुण्याच्या पंडित गोडबोल्यांना बरोबर घेऊन. १९३२ मध्ये ते वारले तेव्हाही भक्तविजयाचे काम छापून यायचे होते.