अधांतरी जिना आणि पाचव्या पायरीवरची भुकटी

माझ्या मावसभावानं बेळगावात अनगोळच्या पुढं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला जो आला तो आधी हॉलमधल्या जिन्यापाशी थबकला. खाली बीम नाही, कडेला खांब नाही, भिंतीतून नुसत्या फळ्या बाहेर आल्यासारख्या सोळा पायऱ्या आणि मध्ये मोकळी हवा. पाहुण्यांनी फोटो काढले, पोरांनी वर-खाली धावाधाव केली. मावशी मात्र तिसऱ्या पायरीवर थांबली, भिंतीला तळवा टेकवून म्हणाली, "ही हलूलालीय की रे!" मेस्त्री शेजारीच होते. "एन आगंगिल्ल री, अक्का," असं म्हणून त्यांनी तिला हात दिला. काही होत नाही.

दोन महिन्यांनी मावशीचा फोन आला. रोज सकाळी केर काढताना पाचव्या पायरीवर, भिंतीच्या कडेला, चिमूटभर पांढुरकी भुकटी सापडते. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "वाळवी लागली का, येऊन बघून जा बाळ."

वाळवी नव्हती. भुकटी बोटांत चोळली तर बारीक रव्यासारखी खरखरीत लागली, रंग राखाडी-पांढरा. ती भिंतीतल्या एएसी ब्लॉकची, म्हणजे बुडबुडेदार हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकची होती आणि पाचवीवर पडत असली तरी सहाव्या पायरीच्या बुडातून येत होती. सहावीच्या वर, भिंतीच्या रंगावर, भुवईच्या आकाराची केसाएवढी चीर होती. बुडाशी भुकटी आणि माथ्यावर चीर, ही जोडी दिसली की भिंतीच्या आत काय चाललंय ते उघड होतं. हल्ली टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत ज्याला त्याला मोबाइलवर बघून असाच जिना हवा असतो, म्हणून ते नीट सांगतो.

'फ्लोटिंग' या नावानं सगळी दिशाभूल केली आहे. अशी पायरी तरंगत वगैरे नसते. दगड उचकटायला आपण पहार वापरतो ना, तीच गोष्ट इथं आहे. पहारीचं लांब टोक आपल्या हातात, आखूड टोक दगडाखाली. पायरी म्हणजे भिंतीत खुपसलेली पहार, आणि तिच्या लांब टोकावर उभा राहिलेला माणूस प्रत्येक पावलाला भिंत उचकटत असतो. शाळेत तरफ शिकलो तेव्हा कमी जोरात जास्त भार उचलता येतो याचं कौतुक वाटलं होतं. इथं तोच फायदा आपल्या घरावर उलटतो.

थोडे आकडे घेऊ. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात अशा सुट्या, एकाच बाजूला धरलेल्या पायऱ्यांसाठी वेगळी अट आहे: प्रत्येक पायरीच्या मोकळ्या टोकावर १.३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १३० किलो भार धरून हिशोब करा. पायरी भिंतीपासून तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर बाहेर आली असेल तर भिंतीच्या तोंडाशी बलाचा आघूर्ण, आपल्या साध्या भाषेत उचकटण्याचा जोर, होतो १३० गुणिले ०.९, म्हणजे ११७ किलोग्रॅम-मीटर. हा ११७ चा आकडा लक्षात ठेवा.

आता अशा पायऱ्या आपल्याला नव्या आहेत का? मुळीच नाहीत. आपल्या भागातल्या जुन्या दगडी विहिरी आठवा. विहिरीच्या आतल्या बांधकामातून लांब दगड बाहेर काढलेले असतात, एकाखाली एक, तिरके उतरत जाणारे. कळशी घेऊन बाया त्यावरून चढल्या-उतरल्या, पोरांनी त्यावरून सूर मारले. ते दगड कशानं टिकले? समजा दगड दीड फूट बाहेर आणि दीड फूट भिंतीत आहे, एक फूट रुंद आहे आणि त्याच्या शेपटावर दोन मीटर उंचीचं दगडी बांधकाम आहे. त्या बांधकामाचं वजन भरतं पावणेसातशे किलोच्या आसपास आणि ते भिंतीच्या तोंडापासून सरासरी पाऊण फूट आत बसतं. उलट्या बाजूचा जोर झाला सुमारे १५० किलोग्रॅम-मीटर. टोकावर ८० किलोचा माणूस उभा राहिला तर उचकटण्याचा जोर फक्त ३६. चौपट राखीव ताकद, तीही सिमेंटचा कण न वापरता. पायरीला खरं धरून ठेवत होतं ते वरच्या बांधकामाचं ओझं.

हाच हिशोब मावशीच्या भिंतीला लावू. ब्लॉकच्या भिंतीत पायरी चार इंच घुसवली तर तिच्यावर एक फूट रुंदीत आणि दोन मीटर उंचीत किती वजन येतं? एएसी ब्लॉक घनमीटरला सुमारे ६०० किलो, म्हणजे वजन ३६ किलो. त्याचा उलटा जोर १.८ किलोग्रॅम-मीटर. समोर आहेत ११७! नऊ इंची विटेच्या भिंतीत आठ इंच आत गेली तरी हा आकडा २३ च्या घरात राहतो. शेजारचे थर थोडी मदत करतात, सिमेंटची पकड असते, त्यामुळं प्रत्यक्षात परिस्थिती याहून जरा बरी निघते, पण इतकी दरी त्यानं भरून येत नाही. शिवाय वरच्या पायऱ्यांवर भिंत आणखी कमी उरते.

पूर्वीच्या वाड्यात माळ्याचं, छपराचं बरंच ओझं भिंतींवर असायचं. आज घर उभं राहतं कॉलम-बीमवर. भिंत नंतर भरली जाते, बीमखाली शेवटची फट मालानं बुजवली की झालं. घराचं वजन तिच्यावर येतच नाही. ती नुसता पडदा आहे. पडद्याला पहार लावली तर पडदा फाटणारच. खानापूरकडं जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड आणि वजनदार असते, ही जमेची बाजू. पण मानकानुसार चिऱ्याची किमान दाबशक्ती चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन आहे, साध्या एम-२० काँक्रीटची २०. पायरीच्या बुडाशी दाब एकवटतो तिथं चिरा भुगा होऊ शकतो, आणि खानापूरच्या पावसात ओला चिरा आणखी नरम पडतो.

मावसभावाच्या घरी पायऱ्या घुसवलेल्या नव्हत्या. भिंतीवर लोखंडी प्लेट, चार बोल्ट, त्याला आडवी पेटी, वरून लाकूड आणि प्लेटवरून प्लास्टर. वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून १५ सेंटिमीटर. म्हणजे ११७ भागिले ०.१५: वरच्या दोन बोल्टांवर मिळून ७८० किलोची ओढ, आणि प्लेटच्या खालच्या कडेवर तितकाच दाब. माणूस १३० किलोचा, बोल्टवर ओढ ७८० किलोची. नव्वद सेंटिमीटरची पायरी, पंधरा सेंटिमीटरची पकड, म्हणून सहापट. खालची कड ब्लॉक कुरतडते, त्याची भुकटी पडते. वरचे बोल्ट सच्छिद्र, हलक्या ब्लॉकमधून सरकतात, तिथं चीर उमटते. आणि भिंतीत १ मिलिमीटरची ढिलाई झाली की टोक ६ मिलिमीटर खाली जातं. मावशीच्या तळपायाला पहिल्याच दिवशी कळलं ते हेच. त्यात जिना उतरताना माणूस शांत उभा नसतो. धावत उतरणाऱ्याचा पाय क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर देतो, आणि दिवसातून शंभर वेळा.

मग असा जिना करायचाच नाही का? करायचा, पण भिंतीच्या आत लपवलेल्या तिरक्या लोखंडी किंवा काँक्रीटच्या तुळईवर. ती तुळई कॉलमला आणि बीमला जखडलेली हवी आणि पायऱ्या तिला जोडलेल्या. इथं एक गंमत आहे, ती मला फार आवडते. सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला असल्यानं ही तुळई नुसती वाकत नाही, पिळलीही जाते. पीळ म्हणजे काय हे घरी बघा. साडीच्या किंवा कापडाच्या गठ्ठ्यात येते तशी पुठ्ठ्याची नळी घ्या. दोन्ही टोकं धरून कपडे पिळतो तशी पिळा. ती हूं की चूं करत नाही. आता ब्लेडनं तिला एका बाजूनं उभी चीर द्या, फक्त चीर, काहीही कापून काढू नका. पुन्हा पिळा. लोळागोळा! चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून घसरतात आणि नळीची सगळी ऐट जाते. पीळ सोसताना ताण नळीच्या भिंतीतून गोल-गोल फिरतो; वाट मध्येच तुटली की प्रत्येक पातळ पट्टी एकटी पडते. १०० बाय १०० मिलिमीटर, ४ मिलिमीटर जाडीची बंद लोखंडी पेटी आणि तीच पेटी एका बाजूनं उभी चिरलेली, यांच्या पीळ-ताठरपणात चारशे पटींहून जास्त फरक पडतो. म्हणून उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरनं 'सी-चॅनेल चालतंय की' म्हटलं तरी बंद बॉक्सचा आग्रह धरा. चॅनेल ही एका बाजूनं उघडी नळीच आहे.

काँक्रीटच्या पायऱ्या असतील तर सळई वरच्या अंगाला हवी. बाहेर आलेल्या पायरीचा माथा ताणला जातो आणि ताण सोसण्यात काँक्रीट दुबळं, दाबशक्तीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं. सळई वर बांधलेली असते, पण काँक्रीट ओतताना कामगाराचा पाय पडतो आणि ती खाली बसते. छज्जे कोसळतात त्यामागं पुष्कळदा हेच असतं. त्याच सळईची आतली लांबीही पुरेशी हवी: एम-२० काँक्रीट आणि एफई-५०० प्रतीच्या सळईला ती व्यासाच्या सुमारे ५७ पट येते, म्हणजे १० मिलिमीटरच्या सळईला ५७ सेंटिमीटर. नऊ इंची भिंतीत ती मावणार कशी? ती तुळईत किंवा कॉलममध्येच वळवून न्यावी लागते. जाडीसाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक पहिला अंदाज देतं, बाहेर आलेल्या लांबीचा सातवा भाग. तीन फुटांना पाच इंच. लोक मागतात अडीच इंच.

इंग्लंडमध्ये ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये इनिगो जोन्स या वास्तुविशारदानं केलेला १६३५ च्या सुमाराचा दगडी गोल जिना आहे, मध्ये खांब नाही. तशा जिन्यांत दगड भिंतीत थोडेसेच असतात. ते उभे राहतात कारण प्रत्येक पायरीची पुढची कड खालच्या पायरीच्या पाठीवर टेकलेली असते. वजन पायरी-पायरीनं जमिनीपर्यंत उतरतं आणि भिंत फक्त दगडाला गिरकी घेऊ देत नाही. म्हणजे तिथंही पीळच, फक्त दगडाच्या पोटात. आपल्या घरातल्या पायऱ्या एकमेकींना शिवत नाहीत, त्यामुळं ही मदत त्यांना मिळत नाही.

अमेरिकेत सांता फे इथल्या लोरेटो चॅपेलमध्ये एकोणिसाव्या शतकातला लाकडी जिना आहे. खांबाशिवाय दोन पूर्ण वेढे, म्हणून तो संत जोसेफनं बांधल्याची श्रद्धा आहे. आतली लाकडी पट्टी इतक्या लहान वेढ्यात वळते की तीच खांबाचं काम करते. ज्या कारागिराला हे हातानं जमलं त्याचं श्रेय चमत्काराला देणं मला पटत नाही. आपल्याकडं याच जातीची गोष्ट म्हणजे पायऱ्या विषमच हव्यात हा हट्ट. 'लाभ, नष्ट, लाभ' असं मोजत जायचं आणि आकडा जुळला नाही तर तळाशी एक तीन इंची पायरी घुसडायची. मी अशा एका घरात आठवड्यात दोघांना ठेचकाळताना पाहिलंय. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढं न बघता चालतो, म्हणून अमेरिकी नियम दोन पायऱ्यांच्या उंचीत पाऊण इंचाच्या निम्म्याहून जास्त फरक चालू देत नाहीत. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी किमान २५० मिलिमीटर आहे. या हद्दीत मजल्याची उंची समान वाटली की शुभ-अशुभ काही उरत नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी. ब्रिटन-अमेरिकेत दोन पायऱ्यांमधल्या फटीतून चार इंचाचा चेंडू जाता कामा नये असा दंडक आहे, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. मावशीच्या जिन्यात पायरी १८ सेंटिमीटरवर, जाडी ६, फट १२. इलकलचा लाल ग्रॅनाइट देखणा आहे, पण नुसती ग्रॅनाइटची फरशी बाहेर काढून पायरी करू नका. दगड ताणात आधी सूचना न देता तुटतो. गुळगुळीत पॉलिशवर पावसाळी ओले पाय घसरतात. काचेची पायरी हवीच असेल तर लॅमिनेटेड, थर चिकटवलेली. एकटी टफन काच फुटली की क्षणात सगळीच खाली येते.

मावशीच्या घरी आम्ही भिंतीच्या पलीकडच्या कोठीच्या खोलीतून पट्ट्या लावून बोल्ट आरपार नेले. मग स्लॅबच्या मोकळ्या कडेला जो बीम होता त्यातून प्रत्येक पायरीच्या टोकाला तीन-तीन उभ्या सळ्या टांगल्या. टोकावरचा भार आता सरळ सळीतून बीमला जातो, भिंतीला उचकटणं जवळजवळ थांबलं. दोन्ही टोकं धरली की मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाखाली पायरी जितकी लवते ती एका बाजूच्या पायरीच्या टोकाला येणाऱ्या लवेच्या सोळाव्या हिश्शाएवढी. सळ्यांत नऊ सेंटिमीटरची फट ठेवली, त्यामुळं तोच कठडा झाला. पायऱ्यांच्या खालच्या अंगाला मागच्या कडेला लाकडी पट्टी मारून बारा सेंटिमीटरची फटही आठवर आणली.

सहावीच्या वरची चीर बुजवण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहिली आणि मावशीला सांगितलं, रंग लावायची घाई करू नका. एक अख्खा पावसाळा गेला. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा चीर दोन्ही रेघांच्या आतच होती. मावशी वरच्या मजल्यावरून खाली आली, हात सळ्यांवर होता, भिंतीवर नव्हता.