वऱ्हाडातला फेब्रुवारी आणि मागाहून आलेली लस

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोना गेला असंच सगळीकडे बोललं जात होतं. नेमके त्याच वेळी अमरावती, अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांतले आकडे चढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी आली. दोष लग्नांना दिला गेला, नुकत्याच आटोपलेल्या ग्रामपंचायत निवडणुकीलाही दिला गेला. पण लग्नं आणि निवडणुका साऱ्या महाराष्ट्रात झाल्या होत्या. मग लाट आधी इथेच का उसळली?

उत्तराचा एक भाग विषाणूतच होता. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमधला प्रकार इथल्या नमुन्यांत सापडला नाही, आणि त्यामुळे सुरुवातीला थोडं हायसंही वाटलं. बदल मात्र घरचाच होता. बी.१.६१७ हा प्रकार महाराष्ट्रातल्या नमुन्यांत २०२० च्या अखेरीपासून दिसत होता. त्याच कुळातल्या बी.१.६१७.२ या शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिलं. तोवर गावोगावच्या घरांतून माणसं गेली होती.

विषाणू स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा नकलेत चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे मात्र तो पेशीला अधिक घट्ट चिकटतो, किंवा आधीच्या संसर्गातून आलेली प्रतिपिंडं त्याला नीट ओळखत नाहीत. वुहानहून निघालेला मूळ विषाणू एका रोग्याकडून सरासरी दोन-तीन जणांना लागे. डेल्टासाठी हाच अंदाज पाच-सहाच्या घरात गेला. एका खोलीत सात माणसं झोपतात अशा घरात या फरकाचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. आणि जितके अधिक लोक आजारी, तितक्या अधिक नकला, तितकी नव्या चुकीला संधी. म्हणून लस जितकी उशिरा पोचते, तितका विषाणूला बदलायला वाव मिळतो.

वऱ्हाडाने याआधीही हे भोगलं आहे. १९१८ च्या मानमोडीची, म्हणजे फ्लूच्या साथीची, पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. पावसाने दगा दिलेल्या त्याच वर्षी सप्टेंबरनंतर दुसरी लाट आली, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक ठरला. लस नव्हती, आणि माणसातला फ्लूचा विषाणू ओळखला गेला तोच १९३३ मध्ये.

देवीची गोष्ट वेगळी. तिचा विषाणू फार हळू बदलतो, त्यामुळे तीच लस पिढ्यान्‌पिढ्या चालली. मुंबईत १८०२ मध्ये पहिली लस टोचली गेली, आणि भारतातली शेवटची रुग्ण १९७५ मध्ये सापडली. देवी काढायला आलेल्या माणसाला पाहून पोरं लपवणारी गावं तेव्हाही होती. त्या पिढीतल्या आज हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या दंडावर तो गोल व्रण अजून आहे.

कोरोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळू लागली. साठीपुढच्यांना १ मार्चपासून, अठरापुढच्या सर्वांना १ मेपासून. म्हणजे वऱ्हाडातली लाट उसळली तेव्हा गावातल्या शेतकऱ्याला लस घेण्याची मुभाच नव्हती. पुढे तुटवडा पडला आणि कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतलं अंतर १३ मे रोजी १२ ते १६ आठवड्यांवर गेलं. ब्रिटनमधल्या अभ्यासात याच लशीची एक मात्रा डेल्टाच्या लक्षणांसह होणाऱ्या आजाराविरुद्ध सुमारे ३० टक्के परिणामकारक ठरली, दोन मात्रा ६७ टक्के. गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचं रक्षण याहून पुष्कळ चांगलं होतं. एका मात्रेवर थांबलेल्या माणसाला ताप आला म्हणून ‘लशीने काही होत नाही’ असं ठरवणं त्यामुळेच चुकीचं होतं.

मेळघाटात, धारणी आणि चिखलदऱ्याच्या पाड्यांवर, सुईची भीती मोठी होती. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जिथे दवाखान्यात नेलेलं माणूस अनेकदा परत येत नाही आणि समजावणारा तिथली कोरकू भाषा बोलत नाही, तिथे संशय येणारच. आशाताईंनी आणि कोरकू बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी दारोदारी जाऊन, भूमकांना, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूंना, सोबत घेऊन तो हळूहळू कमी केला. त्या बायकांचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची लाट आली आणि दोन मात्रा घेतलेलेही आजारी पडले. प्रतिपिंडांना तो चुकवत होता, पण लशीने किंवा आधीच्या संसर्गाने तयार झालेल्या टी-पेशी, म्हणजे शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्याला बऱ्याच अंशी ओळखत होत्या. म्हणून रुग्ण भरपूर झाले, तरी डेल्टासारखी मरणं झाली नाहीत.

गोवराचा विषाणू मात्र लशीला चुकवण्याइतका बदलत नाही. दशकांपूर्वीच्या विषाणूपासून केलेली लस आजही चालते. तरीही एक रोगी १२ ते १८ जणांना लागण करू शकत असल्याने शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच त्याची साखळी तुटते. दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी गेलेली कुटुंबं होळीला परततात, आणि मधल्या काळात लेकराची तारीख निघून जाते. पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. चुकलेली मात्रा पाच वर्षांच्या आत कोणत्याही उपकेंद्रात मोफत मिळते. लसीकरणाचं कार्ड बिऱ्हाडासोबत न्यावं.