संगणकावरील पालक-नियंत्रण (कोकण)

घरच्या संगणकावर मुलांनी कोणते सॉफ्टवेअर बसवावे आणि कोणते उघडावे, यावर पालकांनी घातलेली मर्यादा आणि ती अमलात आणणारी संगणकातली सोय. मोबाइलवर बहुतेक ॲप एकाच दुकानातून येतात, म्हणून तिथे दारावर पहारा ठेवणे सोपे जाते. संगणकावर सॉफ्टवेअर कुठूनही येते: एखाद्या संकेतस्थळावरून, मित्राच्या पेन ड्राइव्हमधून, मुंबईहून आलेल्या चुलतभावाच्या हार्ड डिस्कवरून. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. संगणक विकत घेणारे बाबा अनेकदा मुंबईत नोकरीला असतात आणि तो वापरणारी मुले आजी-आजोबांपाशी गावी.

सगळ्या नियंत्रणाचा पाया म्हणजे खात्यांची विभागणी. विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात: ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. ॲडमिनिस्ट्रेटर संगणकात काहीही बदलू शकतो. स्टँडर्ड खात्यातून पूर्ण संगणकासाठी सॉफ्टवेअर बसवायला गेले की ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. ही विचारणा २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सुरू झाली. मॅकवर (ॲपलच्या संगणकावर) आणि लिनक्सवरही (विंडोजसारख्याच एका मोफत संगणक-प्रणालीवर) तत्त्व हेच. मुंबईहून जुना घेऊन गावी पाठवलेल्या संगणकावर मात्र बहुधा एकच खाते असते, तेही ॲडमिनिस्ट्रेटर आणि बिनपासवर्डचे. त्यावर कोणतेही नियंत्रक सॉफ्टवेअर घाला, मुलगा ते दोन मिनिटांत काढून टाकू शकतो. म्हणून आधी खाते वेगळे करावे, बाकीचे नंतर.

स्टँडर्ड खाते दिले की काम संपले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. क्रोम (ब्राउझर), डिस्कॉर्ड (गप्पांचे ॲप), रोब्लॉक्स (गेम) यांसारखी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसू शकतात, त्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागत नाही. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे गेम तर बसवावेच लागत नाहीत. लिनक्सवर न बसवता थेट चालणाऱ्या ‘अ‍ॅपइमेज’ प्रकारच्या फाइलींचे असेच आहे. ही फट बुजवायची तर ‘परवानगी दिलेलीच सॉफ्टवेअर चालतील’ अशी यादी करावी लागते. विंडोज ७ मध्ये अशी यादी पालक-नियंत्रणातच होती आणि ती इंटरनेटशिवाय चाले. विंडोज १० पासून या सोयी मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कुटुंब-खात्याकडे गेल्या. पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असणाऱ्या किनाऱ्यावर जुनी पद्धत जास्त सोयीची होती, असे म्हणायला हरकत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच ॲप’ असा पर्यायही निवडता येतो. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी तो पुरेसा ठरतो, त्यापुढच्याला मात्र तो जाचक वाटतो.

दूर राहणाऱ्या पालकासाठी ऑनलाइन कुटुंब-खाते खरोखर उपयोगी आहे. मुलाचे खाते पालकाच्या खात्याला जोडले की स्टोअरमधल्या खरेदीची विनंती पालकाकडे येते. एखादे ॲप अडवणे किंवा वेळेचे बंधन बदलणे ठाण्यात किंवा डोंबिवलीत बसून जमते. फक्त नवा बदल गावच्या संगणकापर्यंत नेट असेल तेव्हाच पोहोचतो. संकेतस्थळांची गाळणी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे ती सुरू करताना इतर ब्राउझर बंद ठेवावे लागतात. मॅकवर हीच कामे ‘स्क्रीन टाइम’ ही सोय करते, ती २०१९ च्या ‘कॅटालिना’ या मॅकच्या आवृत्तीपासून आली.

तांत्रिक सोय कितीही चांगली असली, तरी पासवर्ड कोणाकडे आहे यावर सारे ठरते. शाळेच्या प्रकल्पासाठी काहीतरी बसवायचे आहे म्हणून मुलगी फोन करते, बाबा लोकलच्या गर्दीत असतात, पासवर्ड फोनवर सांगून मोकळे होतात. त्या क्षणी नियंत्रण संपते. त्यापेक्षा घरातल्या एका मोठ्या माणसाला, काकी असो वा आत्या, वेगळे ॲडमिनिस्ट्रेटर खाते देऊन पासवर्ड कसा टाकायचा ते शिकवणे बरे. आजोबांना जमणार नाही असे गृहीत धरण्याचे कारण नाही. बँकेचा पिन जपणारा माणूस हाही जपतो. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी आले की काय काय बसले आहे ते मुलांसोबत बसून पाहता येते. चोरून तपासण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, कारण मूल मग आपणहून विचारायला येते.

पासवर्ड माहीत नसतानाही आडवाट राहते: पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने संगणक सुरू करायचा. ती अडवण्यासाठी बायोसला (संगणक चालू करताच विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड लावून पेन ड्राइव्हवरून सुरू होणे बंद करतात. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य पाटीवरची) छोटी बॅटरी काढून हा पासवर्डही अनेकदा पुसता येतो. एवढे कळणाऱ्या मुलाला कुलपापेक्षा कामाची गरज आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याजोगा करणारे साधन), चित्रे काढायचे सॉफ्टवेअर मोकळेपणाने वापरू द्यावे आणि पूर्ण हक्क टप्प्याटप्प्याने सोडावेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा मोफत आधार सर्वसाधारणपणे थांबला आणि गावोगावचे अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. सुरक्षेचे अद्यतन मिळत नसलेल्या संगणकावर मुलाने अनोळखी फाइल उघडणे पूर्वीपेक्षा धोक्याचे आहे. अशा संगणकांवर हलके लिनक्स टाकणे हा एक मार्ग असून लिनक्सवरच्या ‘ग्नोम’ या डेस्कटॉपमध्ये २०२० पासून साधे पालक-नियंत्रणही मिळते.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट आहे. हा नियम सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, घरच्या संगणकावर काय बसवले जाते त्याच्याशी त्याचा संबंध नाही.